देवमाशाचा भाला, नग एक

एरी सरोवराकाठच्या हॅरोफोर्ड गावात काचकारखान्याच्या फाटकासमोर व्हर्नाच्या बापाचा गुत्ता होता आणि त्याला दोन दारं होती. समोरचं दार पुरुषांचं. बाजूच्या बोळात एक बुटकं दार, त्यावर पाटी, 'महिलांसाठी'. त्या दारातून आत गेलं की मागची खोली लागायची, तिथे चार खुर्च्या आणि एक कायम थंड असलेला हीटर. बायकांनी तिथे बसायचं. मुख्य काउंटर त्यांना फक्त ऐकू यायचा.

एकोणिसाव्या वर्षी, जूनमधल्या एका शनिवारी दुपारी, व्हर्ना समोरच्या दारानं आत आली. साल एकोणीसशे एकोणसत्तर. शिफ्ट सुटलेली, काउंटर गच्च भरलेला. ती तिसऱ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पापा, एक बिअर."

अख्खा गुत्ता गप्प झाला. पडदा वर जावा आणि नटाला पहिलं वाक्य आठवू नये, तशी ती शांतता.

काझिमीर, तिचा बाप, फडक्यानं ग्लास पुसत म्हणाला, "बाजूच्या दाराला कुलूप आहे का?"

"नाही."

"मग?"

"ते दार बुटकं आहे, पापा. माझी मान त्यातून वाकत नाही."

काझिमीरनं बिअर काही दिली नाही. व्हर्ना काही उठली नाही. तास गेला, दीड तास गेला. शेवटी शेजारच्या स्टुलावरच्या एका लांब हातांच्या पोरानं, कारखान्यात नुकत्याच लागलेल्या स्टॅन झेलिन्स्कीनं, आपला अर्धा ग्लास न बोलता तिच्यापुढे सरकवला. लोकांना प्रेमात पडायला चंद्र लागतो. या दोघांचं अर्ध्या ग्लासावर भागलं.

पुढे टॅगर्टीज आलं तेव्हा व्हर्ना तिथे का गेली, आणि एकोणचाळीस वर्षं का राहिली, ते कळायला हे बुटकं दार लक्षात ठेवलं पाहिजे.

टॅगर्टीज बार अँड ग्रिल हॅरोफोर्डला आलं ते एकोणऐंशी साली, हायवेच्या तोंडाशी. अशी रेस्टॉरंटं तेव्हा मोठ्या शहरांतून निघून आमच्यासारख्या गावांच्या वेशीवर उगवायला लागली होती. धड गुत्ता नाही आणि धड खानावळही नाही. मधोमध लांब बार, भोवती लाकडी बाकांचे कप्पे. छतातून टांगलेल्या कुंड्यांत नेचे, रंगीत काचेचे दिवे. बर्गर खा, बिअर प्या, पोराबाळांना घेऊन या, नाहीतर एकटे या. एकटी बाई आली तरी कुणी मान वळवून बघणार नाही.

उद्घाटनाला काझिमीर आला होता. टांगलेल्या कुंड्यांकडे बघून म्हणाला, "हा बार आहे की माळ्याचं घर? एखादं पान बिअरमध्ये पडलं तर?"

"पापा, दारं मोजा," व्हर्ना म्हणाली.

त्यानं मोजली. गिऱ्हाइकांसाठी एकच होतं. काचेचं, रुंद, दोन कवाडांचं. जाताना म्हाताऱ्यानं ते दार दोन्ही हातांनी उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना कामाला लागली. पांढरा सदरा, काळी पँट, त्यावर खांद्यांवरून पँटीला अडकवायचे लाल गॅलिस आणि गॅलिसवर बिल्ले. बिल्ले प्रत्येकानं आपल्या मर्जीचे लावायचे, कंपनीला त्यात गंमत वाटायची. नियमांची वहीही दिली. चौथा नियम होता, नोकरांनी मागच्या दारानं यावं. व्हर्नानं वही नीट वाचली, आणि पुढची एकोणचाळीस वर्षं ती समोरच्या दारानं आली. अकरा मॅनेजर आले नि गेले. प्रत्येकानं एकेकदा टोकून पाहिलं. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं, "राजा, माझा मागच्या दारांचा कोटा लहानपणीच संपला."

'राजा' ती सगळ्यांनाच म्हणायची. मेयरला, पाद्र्याला, दारू चढलेल्या ट्रकवाल्याला. कुणाला गोड लागायचं, कुणाला तिखट. ते तिच्या भुवईवर अवलंबून असायचं.

आता भिंतीचं.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात कंपनीचा एक ट्रक आला होता. त्यात पेट्या आणि पेट्यांत जुनाट सामान. बर्फावरची घसरगाडी, ट्रॉम्बोन, दुधाचे कॅन, फाटके बॉक्सिंगचे हातमोजे, कुणाकुणाचे फ्रेम केलेले फोटो. एकूण एकसष्ट नग. प्रत्येकाला पितळेचा नंबरी टिकला. दोन माणसांनी शिडी लावून एका दिवसात भिंत भरून टाकली. नवं कोरं रेस्टॉरंट, पण बघणाऱ्याला वाटावं, पन्नास वर्षं इथेच आहे.

व्हर्नानं मिशीवाल्या एका माणसाच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोण?"

शिडीवरचा माणूस म्हणाला, "कुणास ठाऊक. जुना बाजार. किलोवर घेतात."

"याची बायकापोरं?"

"बाई, तो माणूस नाहीये. ते वातावरण आहे."

सतरा नंबरचा नग होता देवमाशाचा भाला. सहा फुटी, लोखंडी, टोकाला आकडा. कारण मेनूच्या मागच्या पानावर एक गोष्ट छापलेली असायची. कुणी एक खलाशी टॅगर्टी, देवमासे मारून मारून कंटाळला आणि त्यानं बार काढला. असा टॅगर्टी कधी जन्मलाच नव्हता. कंपनीच्या कचेरीत बसून कुणीतरी त्याला लिहिला होता. स्टॅन रात्रपाळीआधी जेवायला यायचा तेव्हा भाल्याखाली बसून म्हणायचा, "एरी सरोवरात देवमासा! आमच्या इथे फार तर पर्च मासा मिळतो. त्याला मारायला हा भाला म्हणजे डासाला तोफ."

आणि खरंच आमच्याकडे पर्चच. दर शुक्रवारी, गावातल्या पोलिश घरांत धर्मानुसार मांस वर्ज्य असायचं तेव्हा, कुरकुरीत तळलेला पर्च हवाच. कंपनीच्या मेनूत तो कधीच नव्हता. तरीही टॅगर्टीजच्या स्वयंपाकघरात ल्युशियस बीमन दर शुक्रवारी पर्च तळायचा. ल्युशियस व्हर्नापेक्षा दोन वर्षांनी लहान, बोलायला कंजूष, तळायला उदार. बिलावर ते 'चिकन, खास' म्हणून पडायचं. वरून तपासनीस आला आणि म्हणाला की इथे शुक्रवारी चिकन फार खपतं, तर ल्युशियस म्हणायचा, "धार्मिक गाव आहे, साहेब."

भिंतीची अदलाबदल सुरू झाली त्र्याऐंशी साली, ट्रॉम्बोनपासून. शाळेच्या बँडचे मास्तर, अ‍ॅल्विन टिबेट्स, रोज त्या ट्रॉम्बोनसमोर बसायचे आणि त्यांचा घास घशात अडकायचा. ट्रॉम्बोनची सरकती नळी वाकलेली होती. "व्हर्ना, हे वाद्य नाही, हा अपघात आहे," ते म्हणायचे. एके दिवशी त्यांनी आपला जुना ट्रॉम्बोन आणला, स्टुलावर चढून भिंतीवर लावला, आणि वाकडा घरी नेला दुरुस्तीला. तो परत आला नाही. व्हर्नानं पितळी टिकला उचकटून नव्यावर ठोकला. झालं.

मग लोकांना कळलं. अर्मा डूडेकचा नवरा गेला तेव्हा ती त्याचा सॉफ्टबॉलच्या वेषातला फोटो घेऊन आली. व्हर्नानं मिशीवाला उतरवून तिच्या हातात दिला. "एक आणा, एक न्या," हा तिचा नियम. "भिंत बोडकी दिसता कामा नये आणि टिकले हलता कामा नयेत." मिशीवाला अर्माच्या स्वयंपाकघरात लागला. तिच्या नातवंडांनी विचारलं, हे कोण? अर्मा म्हणाली, "अंकल मॉर्टिमर." दोन वर्षांत अंकल मॉर्टिमरला नाताळचं कार्डही येऊ लागलं.

असं करता करता दहा-बारा वर्षांत भिंतीवरचं खोटं सगळं गावाच्या गॅरेजांत गेलं आणि गावातलं खरं सगळं भिंतीवर आलं. अग्निशमन दलाचं पहिलं हेल्मेट. त्रेसष्ट साली जिंकलेल्या शाळेच्या संघाची जर्सी. पुरात वाहून गेलेल्या चर्चच्या घंटेची दोरी. एकाही मॅनेजरनं मान वर करून पाहिलं नाही. त्यांना टिकले दिसायचे.

सतरा नंबर बदलला एक्क्याण्णवमध्ये. काचकारखाना बंद झाला त्या दिवशी. बावीस वर्षं काच फुंकलेला स्टॅन फाटकातून बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर त्याची फुंकणी होती. सहा फुटी लोखंडी पोकळ नळी. कारखान्याच्या रखवालदारानं विचारलं, ती कुठे नेतोस. स्टॅन म्हणाला, "हिच्यात माझा श्वास आहे. नळी तुमची असेल, श्वास ठेवून जातो म्हणता?" रखवालदारानं फाटक उघडलं.

त्याच संध्याकाळी व्हर्नानं भाला उतरवला आणि त्या खिळ्यांवर फुंकणी ठेवली. लांबी तीच, रंग तोच. भाला घरी गेला. स्टॅननं त्याचा उपयोग पन्हळीतला बर्फ फोडायला केला. आणि मग शहाण्णवच्या जानेवारीत तो सरोवरावर मासेमारीला गेला. गोठलेल्या पाण्याला भोक पाडायला गिरमिट असतं. पण स्टॅनला हौस. त्यानं भाला मारला. बर्फ फुटला, हातमोजा निसटला, आणि देवमाशाचा भाला सरळ एरी सरोवराच्या तळाशी गेला.

स्टॅन घरी येऊन म्हणाला, "व्हर्ना, त्याला देवमासा नाही मिळाला, पण पाणी तरी मिळालं बिचाऱ्याला."

दोघं हसून हसून रडली. दोन वर्षांनी स्टॅन गेला. फुप्फुसं. मग फुंकणी तिच्या जागेवर राहिली, आणि व्हर्ना कप्पे पुसता पुसता रोज एकदा वर बघायची. तेवढंच.

टॅगर्टीज बदलत गेलं. नेचे गेले. ल्युशियसचा अर्धा ग्रिल गेला. त्या जागी पिशवीतलं अन्न गरम करायची यंत्रं आली. दोन हजार चारमध्ये गॅलिस बंद झाले आणि काळे टी-शर्ट आले. व्हर्नानं टी-शर्ट घातला आणि त्यावर गॅलिस चढवले. मॅनेजर म्हणाला, "व्हर्ना, ते आता गणवेशात नाहीत." ती म्हणाली, "राजा, मग दागिना समज." टेबलांवर पाटीसारखी यंत्रं आली, गिऱ्हाइकानं बोट लावून मागवायचं. तिच्या टेबलांवरची यंत्रं कायम पालथी असायची.

आणि दोन हजार अठराच्या मार्चमध्ये, एका शुक्रवारी, मॅनेजर ग्लेन पॉट्स तिच्याजवळ आला. ग्लेन भला माणूस. भल्या माणसाला वाईट बातमी द्यायची असली की तो आधी बुटांकडे बघतो.

"मंगळवारी ट्रक येतोय," तो म्हणाला. "नवीन रूप. भिंती राखाडी. सगळं सामान उतरवून कंपनीच्या गोदामात. तिथून भंगारात, बहुतेक."

व्हर्नानं हातातली ताटं खाली ठेवली. "ते सामान कंपनीचं नाही, ग्लेन."

"टिकले कंपनीचे आहेत. यादी कंपनीची आहे." आवाज आणखी खाली आला. "मी जर म्हणालो, गेली पस्तीस वर्षं इथे अदलाबदल चाललीय, तर ते त्याला चोरी म्हणतील. माझी नोकरी जाईल, तुझीही. आणि सामान तरीही ट्रकमध्येच जाईल. यादी आणि भिंत जुळली की त्यांचं काम झालं."

"जुळली पाहिजे ना?" व्हर्ना म्हणाली. "जुळेल."

त्या रात्री तिनं फोन फिरवायला सुरुवात केली. "एक आणा, एक न्या. फक्त या वेळी उलटं."

शनिवार, रविवार, सोमवार हॅरोफोर्डमधली माणसं फार भुकेली झाली. जो तो जेवायला यायचा, आणि येताना हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. जेवायचा, टीप ठेवायचा, जाताना दुसरंच काहीतरी गुंडाळून न्यायचा. ग्लेन पॉट्स हे तिन्ही दिवस शीतगृहात होता. माल मोजतोय म्हणाला. बाहेर यायचा तेव्हा ओठ निळे असायचे आणि डोळे जमिनीवर.

सोमवारी संध्याकाळी फुंकणी सोडून आठ नग उरले. मोठे, अवजड, किंवा ज्यांच्या मालकांचा पाय निघत नव्हता असे. अर्मा डूडेक फोनवर रडत होती. "व्हर्ना, अंकल मॉर्टिमरला मी भंगारात कशी पाठवू? अगं, माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं राहिलाय तो घरात. आणि कधी एका शब्दानं बोलला नाही."

"अर्मा, तुझा खरा नवरा भिंतीवर आहे. त्याला पाठवू?"

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज. "येते उद्या. पण जेवून निघेन, सांगून ठेवते."

मंगळवारी सकाळी साडेअकराला कंपनीचा माणूस आला. क्लेटन वाइस, पन्नाशीचा, स्वच्छ दाढी केलेला, हातात यादी. बाहेर ट्रक, त्याच्यामागे रंगाऱ्यांची गाडी आणि राखाडी रंगाचे डबे. क्लेटन वाईट माणूस नव्हता. त्यानं तीस गावांतल्या भिंती उतरवल्या होत्या आणि आता त्याला फक्त उरलेल्या मोजायच्या होत्या.

"आधी जेवून घ्या," व्हर्ना म्हणाली आणि त्याला स्वयंपाकघराकडे तोंड असलेल्या कप्प्यात बसवलं. भिंत पाठीमागे.

तेवढ्यात दार उघडलं. टिबेट्स मास्तर, आता नव्वदीला टेकलेले, वाकडा ट्रॉम्बोन काखेत. त्यांच्यामागे दोघं घसरगाडी उचलून. मागे अर्मा, छातीशी अंकल मॉर्टिमर. आठही एकदम. क्लेटननं मान वळवायला सुरुवात केली.

टॅगर्टीजचा एक जुना नियम होता, स्थापनेपासूनचा, आणि तो मोडण्याची कुणाची हिंमत नव्हती. टेबलावर वाढदिवस आहे असं कळलं की सगळ्या नोकरांनी हातातलं टाकून त्या टेबलाला घेरायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि कंपनीचं गाणं म्हणायचं. आणि वाढदिवस मध्येच थांबवायचा नाही. काहीही होवो.

व्हर्नानं दोन्ही हात वर केले. नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी जो आवाज लावतात, तो लावला. "या साहेबांचा आज वाढदिवस आहे!"

"माझा? नाही, माझा ऑक्टोबरमध्ये..."

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. चार वेट्रेस, दोन बारवाले, ल्युशियस हातात झारा घेऊन, आणि शीतगृहातून आलेला, थंडीनं कुडकुडणारा ग्लेन पॉट्स, सगळ्यांत मोठ्यानं. त्यांनी क्लेटनला असं घेरलं की त्याला फक्त पोटं आणि ॲप्रन दिसत होती. गाणं संपलं. व्हर्ना ओरडली, "वन्स मोअर!" पुन्हा गाणं. बारवरची गिऱ्हाइकंही सामील झाली. तिसऱ्यांदा म्हणताना मागे शिडी हलल्याचा आवाज आला आणि ल्युशियसनं झारा ताटावर आपटून तो झाकला. क्लेटन कपाळाचा घाम पुसत होता. चौथ्या खेपेला तोच कंटाळून टाळ्या वाजवायला लागला.

गाणं थांबलं तेव्हा टिबेट्स मास्तर कोपऱ्यात सूप पीत होते, सरळ ट्रॉम्बोन पायाशी. अर्मा आपल्या नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती, आणि भिंतीवरचा अंकल मॉर्टिमर तिच्याकडे बघत होता.

क्लेटननं मोजायला घेतलं. एक, दोन, तीन. यादीशी सगळं जुळत होतं. इतकं जुळत होतं की तो चकित झाला. "तीस गावांत पहिल्यांदा. फुटलेलंसुद्धा जसंच्या तसं. ट्रॉम्बोनची वाकलेली नळीही यादीत आहे."

ती नळी टिबेट्स मास्तरांनी पस्तीस वर्षांपूर्वीच सरळ केली होती. सोमवारी दुपारी त्यांनी ती डोळ्यांत पाणी आणून गुडघ्यावर पुन्हा वाकवली होती.

"साठ," क्लेटन म्हणाला. आणि शिडीवर चढून त्यानं फुंकणी उतरवली. "सतरा नंबर. देवमाशाचा भाला, नग एक. एकसष्ट. झालं."

सगळं रेस्टॉरंट व्हर्नाकडे बघत होतं. तीन दिवस तिनं सगळ्यांचं वाचवलं होतं. तिचं मात्र काही वाचण्यासारखं नव्हतं, कारण तिच्याकडे बदल्यात द्यायला काही नव्हतं. ती गप्प बसली असती तर यादी जुळली असती.

"तो भाला नाही," ती म्हणाली.

ग्लेननं डोळे मिटले.

"टिकला आहे ना," क्लेटन म्हणाला.

"टिकला मी ठोकलाय. एका टोकाला डोळा लावा."

क्लेटननं लावला. पलीकडून त्याला खिडकीतला उजेड दिसला.

"भाल्याला भोक नसतं, साहेब. ती काच फुंकायची नळी आहे. माझ्या नवऱ्याची. बावीस वर्षं त्यानं तिच्यात श्वास भरला. ती ट्रकमध्ये जाणार नाही."

"मग भाला कुठेय?"

"एरी सरोवराच्या तळाशी. हवा असेल तर पोहता येतं का तुम्हाला?"

कुणीतरी हसलं. क्लेटन हसला नाही. त्यानं यादीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग अर्माच्या मांडीवरच्या फोटोकडे, मग टिबेट्स मास्तरांच्या पायाशी असलेल्या सरळ ट्रॉम्बोनकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं. चार वेळा कशासाठी टाळ्या वाजवल्या, तेही.

"मिसेस झेलिन्स्की," तो हळू आवाजात म्हणाला, "एक नग कमी पडला तर मला वर कळवावं लागतं. कळवलं तर चौकशी होते. चौकशीत बाकीचंही निघेल. ही नळी द्या, आणि मी काही पाहिलेलं नाही. सगळ्यांचं सगळं सुटेल. एक लोखंडी नळी फक्त."

"व्हर्ना, देऊन टाक," अर्मा पुटपुटली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

व्हर्नानं सगळ्यांकडे पाहिलं. मग तिनं क्लेटनच्या हातातून फुंकणी काढून घेतली, रागानं नाही, झोपलेलं मूल दुसऱ्याच्या खांद्यावरून घ्यावं तशी, आणि बारवर आडवी ठेवली.

"सतरा नंबरला कंपनीची एक वस्तू हवी ना? जुनी. उद्घाटनापासूनची?"

"हो."

तिनं खांद्यावरून लाल गॅलिस उतरवले. एकोणचाळीस वर्षांचे, रबर सैल झालेलं, बिल्ल्यांनी जड. तिनं एकही बिल्ला काढला नाही. ती शिडी चढली, अडुसष्टाव्या वर्षी, कुणाचा हात न धरता, आणि सतरा नंबरच्या दोन खिळ्यांवर ते अडकवले.

"हे तुमचं. यादीत घ्या. आणि वर कळवायचंच असेल तर माझं नाव कळवा, या लोकांचं नाही. मला कामावरून काढायला सांगा. पण जरा उशीर झालाय, कारण हे उतरवले तेव्हाच मी सोडलं."

लटकलेले गॅलिस हळूहळू हलत होते. क्लेटननं खिशातून पेन काढलं. यादीवर सतरा नंबरसमोर खूण केली. शेवटच्या रकान्यात 'वस्तूची स्थिती' लिहायची असते. ती त्यानं लिहिली. ग्लेननं खांद्यावरून वाचलं आणि नंतर गावभर सांगितलं.

'जुना. अजून टोकदार.'

ट्रक भरला. अंकल मॉर्टिमर गेला. अर्मानं काचेतून हात हलवला. लोक आपापली चीज काखेत मारून एकेक करून निघाले, सगळे समोरच्या दारानं. रंगारी डबे घेऊन आत आले आणि फरशीवर कापड अंथरू लागले.

व्हर्ना गेली नाही. ती बारपाशी आली. काम करणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या जागी बसायचं नाही, हाही एक नियम होता, आणि एवढा एकच नियम तिनं एकोणचाळीस वर्षं पाळला होता. तिनं तिसरं स्टूल ओढलं. बसली. फुंकणी शेजारच्या स्टुलाला टेकवली, कुणीतरी तिथे बसलंय अशी.

"ल्युशियस," तिनं हाक दिली, "पर्च."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज मंगळवार आहे."

"मला माहितीय कुठला वार आहे ते. आणि बिलावर पर्चच लिही. चिकन लिहिलंस तर देणार नाही."

मोठा रंगारी कापड धरून तिच्या पायाशी उभा होता. "मॅडम, आम्हाला या बाजूनं सुरुवात करायचीय."

"करा ना, राजा," व्हर्नानं रुमाल मांडीवर पसरला. "त्या बाजूनं करा. मी आत्ताच आलेय."